सातवा दात

आमच्या भागात हँडब्रेक कुणी ओढत नाही. पिकअप असो की टेम्पो, गाडी उभी केली की माणूस खाली उतरतो आणि मागच्या चाकाला दगड लावतो. तो दगड सीटखाली जपून ठेवलेला असतो. एक वेळ स्टेपनी नसली तरी चालेल, दगड पाहिजे. हँडब्रेकच्या दांड्याला कुणी गमछा अडकवतं, कुणी पाण्याची बाटली. मुखेडपासून देगलूरपर्यंतच्या सगळ्या पिकअप तपासा, दांडा वर ओढलेला सापडायचा नाही.

आमचे अप्पा तेवढे ओढायचे. त्यांना दगडाचा भारी राग. "कंपनीनं ती दांडी काय कपडे वाळू घालायला दिली का?" असं म्हणून ते बाजारातल्या बाकीच्या गाडीवाल्यांची टर उडवायचे. गाडी उभी करायची त्यांची एक पद्धत होती. आधी न्यूट्रल, मग दांडा वर, आणि वर जाताना दात्यांचा टक्-टक् आवाज मोजायचा. सात. सातव्या दाताला दांडा अडकला की हात काढायचा, मग किल्ली, मग काच, मग खाली उतरायचं. गाडी गिअरमध्ये ठेवून ते कधीच उतरायचे नाहीत. त्याला कारण मी. कॉलेजात असताना गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीची किल्ली मी बाहेर उभा राहून फिरवली होती आणि गाडी दुकानाच्या शटरात घातली होती.

मुखेडला आमचं पेंडीचं दुकान आहे. सरकी पेंड, भुसा, जनावरांचं मीठ. दुकान मी सांभाळतो आणि आठवडी बाजार अप्पा करतात. सत्तरी कधीच ओलांडली तरी सोमवारचं गाव वेगळं, बुधवारचं वेगळं, शुक्रवारचं वेगळं, असं त्यांचं फिरणं चालूच होतं. गाडीही त्यांच्यासारखीच, जुनी आणि हट्टी. पत्रा दोनदा रंगवलेला, डाव्या दाराला आतून दोरी बांधलेली. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून अप्पा स्टेअरिंगवर बसले की दहा वर्षांनी तरुण दिसायचे. दुकानात बसवलं की मात्र सारखे घड्याळाकडे बघायचे. बसवत नाही, हा आमच्या घराण्याचा रोग आहे आणि तो मला पुरेपूर मिळाला आहे.

त्या बुधवारी मी दुकानात होतो. देगलूरच्या पुढं, हद्दीवरच्या एका गावच्या बाजारातून फोन आला की तुमची गाडी सुटली. मी मोटारसायकल काढली आणि वाटेत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. पोहोचलो तेव्हा गाडीचा मागचा भाग दोरवाल्या बाईच्या पालात शिरलेला होता. बाजार चढावर भरतो. अप्पांनी गाडीचं तोंड चढाकडे करून ती उभी केली होती, ती उलटी, उताराला लागली होती. कासरे, वेसणी, घुंगरमाळा सगळं चाकाखाली. बाई शेजारच्या माठाशी पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली. ती रडत होती आणि तेलुगू, मराठी जे तोंडाला येईल ते बोलत होती.

"कुनीतरी वर चढून पोतं आपटलं, सामी, आन् गाडी आपली निगालीच. मी इथंच बसलेली व्हते बगा. इथंच."

अप्पा खाली बसून तिचे दोर गोळा करत होते. एकेक कासरा झटकून त्याचं नीट वेटोळं करत होते. मी त्यांना लागलं का, पाणी पाहिजे का, असं काही विचारायला हवं होतं. मी सगळ्या लोकांसमोर विचारलं, "हँडब्रेक ओढला होता का?"

त्यांनी मान वर केली नाही. "वडला व्हता. सात."

मी केबिनमध्ये डोकावलो. दांडा खाली होता. अगदी तळाला टेकलेला. माझ्या मागून चार जणांनी डोकावलं आणि त्या चौघांनीही पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, "म्हातारं मानूस हाय, ऱ्हातं एखांद्या टायमाला." अप्पांनी ते ऐकलं. ऐकलं नाही असं त्यांनी दाखवलं, पण हातातलं वेटोळं सुटलं आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून घातलं.

ही बातमी लातूरला ताईपर्यंत माझ्याआधी पोहोचली. ताई माझ्याहून मोठी, शाळेत विज्ञान शिकवते, आणि एखादी गोष्ट तिच्या डोक्यात बसली की निघत नाही. तिनं त्याच संध्याकाळी एका डोक्याच्या डॉक्टरांकडे सोमवारचा नंबर लावला. "रविवारी अप्पांना घेऊन ये," ती म्हणाली. "विसरायला लागलेत ते. आज दोर होते, उद्या माणूस असेल. किल्ली काढून घे आणि ती गाडी विकून टाक." मी म्हणालो, हँडब्रेक खराब असेल. "मग सिद्ध कर," ती म्हणाली, वर्गातल्या पोराला सांगावं तशी.

मला राग आला, आणि राग आला कारण मला एक गोष्ट माहीत होती जी तिला माहीत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी अप्पा सोमवारच्या गावाला बुधवारी गेले होते. रिकाम्या मैदानात गाडी उभी करून बराच वेळ बसून राहिले आणि परत आले. घरी त्यांनी पंक्चरचं सांगितलं. मला ते तिथल्या एका गिऱ्हाइकानं हसत हसत सांगितलं आणि मीही हसलो. अव्वाला, म्हणजे आईला, सांगितलं नाही. ताईला तर नाहीच. गाडीत बिघाड निघाला तर अप्पा तरले. नाही निघाला तर सोमवारी त्यांना एका अनोळखी माणसासमोर बसून आज वार कोणता, हे सांगावं लागणार होतं. माझ्याकडे तीन दिवस होते.

गुरुवारी सकाळी दुकान न उघडताच गाडी मिस्त्रीकडे नेली. आमचे मिस्त्री म्हणजे चाचा. निजामाच्या काळातलं वाटावं असं टिनाचं शेड, एकटाच माणूस, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पायाचा ब्रेक कैसा है?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

चाचांनी आत बसून पेडल दाबलं. ते सरळ तळाला गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ये अच्छा है?"

"दोनदा दाबायचा," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा लागतो."

हे बोलताना मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या घरात सगळेच दोनदा दाबतात. अप्पांनी मला तसंच शिकवलं, मी बायकोला तसंच शिकवलं. चाचांनी कपाळाला हात लावला. "दो बार दाबायचा तर एक बार अल्ला को बी याद करायचं," असं म्हणून त्यांनी मागची चाकं खोलायला घेतली.

उजव्या चाकाचा ड्रम निघाला आणि मला अक्षरशः आनंद झाला. आत सगळं चिकचिक झालं होतं. ब्रेकचं तेल जिथून चाकात येतं तिथलं सिलिंडर गळत होतं आणि लायनर तेलात भिजून काळंभोर झालं होतं. ब्रेक धरणार कशाला? हँडब्रेकसुद्धा शेवटी याच लायनरला ओढतो. म्हणजे अप्पांनी दांडा ओढला होता, आणि धरलंच नाही. झालं! मला तिथल्या तिथे चाचांना मिठी मारावीशी वाटली. "बदला," मी म्हणालो. "सगळं नवीन टाका. आजच."

दुपारपर्यंत चाचांनी सिलिंडर बदललं, दोन्हीकडचे लायनर बदलले. मग हवा काढायची होती. मी सीटवर बसून पेडल दाबायचं आणि धरायचं, ते खाली झोपून नळीतून तेल सोडायचे. "दाब. धर. सोड." कितीदा ते केलं देव जाणे. पाय भरून आला, पण पेडल हळूहळू वर आलं, दगडासारखं टणक झालं. मग त्यांनी हँडब्रेकची वायर ताणून घेतली. आम्ही गाडी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर नेली, न्यूट्रल केली, दांडा ओढला. गाडी ढिम्म हलली नाही. चाचांनी खाली उतरून मागून ढकललं. नाही म्हणजे नाही.

मी तिथूनच ताईला फोन लावला आणि छाती फुगवून सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"दोन्हीकडचं लायनर भिजलं होतं?" तिनं विचारलं.

"नाही. उजव्या चाकाचं."

"डावं कोरडं होतं?"

"हो."

"मग डाव्यानं धरायला पाहिजे होतं ना? आणि मला सांग, दुरुस्त करायच्या आधी तू दांडा ओढून बघितलास का, गाडी सरकते का ते?"

मी चढावर उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं.

"म्हणजे पुरावाच दुरुस्त करून टाकलास," ती म्हणाली आणि तिची शाळेची घंटा झाली.

इतका मूर्खपणा माझ्या हातून झाल्याचं मला आठवत नाही. फोन खिशात घातला आणि त्या चढावर मी नुसत्या येरझाऱ्या घालत राहिलो. चाचांना विचारलं, एका चाकानं गाडी धरली असती का? त्यांनी फडक्यानं हाताचं तेल पुसलं आणि खोटं बोलले नाहीत. "एक चाक बस है भाई. आप के बाजार का चढ काय डोंगर न्हाई." म्हणजे दिवसभर राबून मी गाडीला निर्दोष ठरवलं होतं. गाडी निर्दोष, तर दोषी कोण, हे सांगायला मिस्त्री लागत नव्हता.

घरी आलो तर अप्पा पडवीत बसले होते. त्यांनी ब्रेकचं काय झालं ते विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मी जेवायला बसलो, उठलो, हात न धुता पुन्हा बसलो. अव्वा म्हणाली, "बुडाला काय इस्तू लागलाय का तुज्या? एका जागी बस की जरा." मी बसलो आणि गुडघा हलवत राहिलो. अप्पा माझ्या गुडघ्याकडे बघत होते. आपल्यावर खटला चालू आहे हे त्यांना कळत होतं आणि वकील कोणत्या बाजूचा आहे हे मात्र कळत नसावं. मला तरी कुठे कळत होतं?

शुक्रवारचा बाजार त्यांनी केला नाही. इतक्या वर्षांत लग्न-मयत सोडून पहिल्यांदा. सकाळी पूजा झाली, भस्म लावलं, आणि ते दुकानात येऊन खुर्चीवर बसले. पूजेतलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं, एक अक्षर चुकलं नाही. मी दाराआड उभा राहून कान देऊन ऐकलं होतं, याची मला आता लाज वाटते. गिऱ्हाईक आलं तर त्याच्या म्हशी किती आणि कोणती गाभण, हे ते बरोबर सांगत होते. हा माणूस विसरेल? मग सोमवारच्या गावाला बुधवारी कोण गेलं होतं?

दुपारी मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. "अप्पा, चिडू नका. त्या दिवशी नेमकं काय केलंत ते एकदा सांगा."

"किती बार सांगू?" त्यांचा आवाज चढला. "गाडी हुबी केली. नूटल केली. सात दात वडला. उतरलो. तुला खोटं वाटायलंय तर तसं मन की तोंडावर."

"तसं नाही."

"मग कामून इच्यारायलास?"

मी उठलो आणि तरातरा बाहेर जाऊन गाडीत बसलो. रागच आला होता, त्यांचा, माझा, ताईचा, सगळ्यांचा. तो कुठेतरी काढायचा म्हणून मी दांडा उपसला. टक्, टक्, टक्, टक्. आणि अडला. आणखी जोर लावला, दोन्ही हातांनी ओढला. चारच्या वर जाईना.

मी तसाच दांडा धरून बसलो. अप्पा सात म्हणत होते आणि इथं चारालाच गच्च होत होता. मग लक्षात आलं. चाचांनी वायर ताणली होती ना. ढिली होती तेव्हा दांडा सातपर्यंत जायचा, आता चारातच ओढ येत होती. म्हणजे कालची आमची परीक्षा चौथ्या दातावर झाली होती. आणि अप्पांची गाडी वर्षानुवर्षं सातव्या दातावर उभी राहत होती. रोज तोच दात. त्या सातव्या दाताला आम्ही हातच लावला नव्हता.

पंधरा मिनिटांत मी चाचांच्या शेडमध्ये होतो. "वायर ढिली करा. आधी होती तशी."

"ढिली?"

"हो. सात दातांची."

चाचांनी विडी बाजूला ठेवली. "तीस साल का धंदा है मेरा. बनवलेलं बिगाडो बोलनारा गिऱ्हाईक पहिला आप." आणि मग हसत खाली शिरले. मी विचारलं, याआधी कुणाचा हँडब्रेक दुरुस्त केलाय का? गाडीखालून आवाज आला, "कोन वापरतंय तो? लोकां पत्थर लावतात, पत्थर बराबर हाय का मेरेकू नाय पूछते."

वायर ढिली झाली. पुन्हा तोच चढ, न्यूट्रल, सात टक्-टक्. मी ब्रेकवरचा पाय सावकाश उचलला आणि प्रार्थना केली की गाडी सुटू दे. एखादा माणूस आपली गाडी उताराला लागावी म्हणून देवाला हात जोडतो, हे दृश्य कुणी पाहिलं असतं तर सोमवारच्या डॉक्टरांकडे माझाही नंबर लागला असता. गाडी सुटली नाही. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. चाचांनी ढकललं, मी ढकललं, रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना बोलावून ढकललं. दांडा सातव्या दातावर ठामपणे बसून होता. "बराबर हाय," चाचा म्हणाले, आणि त्यांनाही वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

शनिवारी सकाळी पेंडीची पोती भरायची होती. त्या दिवशी बाजार नव्हता, पण एका गिऱ्हाइकाला माल पोहोचवायचा होता. दुकानासमोरचा रस्ता थोडा उतरता आहे. मी गाडी तिथे लावली, सवयीनं, आणि दांडा ओढला. सात. उतरणार तोच आमच्या हमालानं पहिलं पोतं हौद्यात टाकलं. धप्प. सगळी गाडी हलली, माझ्या हाताखालचा दांडा हलला. आणि मला दोरवाली बाई आठवली. तिनं मला बुधवारीच सांगितलं होतं, सगळ्यात पहिल्यांदा, रडत रडत, आणि मी ते ऐकून सोडून दिलं होतं. कुणीतरी वर चढून पोतं आपटलं आणि गाडी निघाली.

"थांबू नको," मी ओरडलो. "टाक. जोरात आपट. पण गाडीच्या मागं उभा राहू नको, बाजूनं टाक."

हमालाला वाटलं मालकाचं डोकं फिरलं. पण तोही रंगात आला. मी उजवा पाय ब्रेकच्या वर नुसता धरून बसलो, नजर दांड्यावर. दोन, तीन, चार. काही नाही. सहाव्या पोत्याला दांडा जरासा थरथरला. आठव्याला टक् असा बारीक आवाज आला. नवव्या पोत्याला, काय सांगू, दांडा जागचा निसटला आणि खाडकन खाली पडला. अगदी तळाला. बुधवारी दिसला होता तसाच. गाडी मागं सरकली आणि मी पेडल दाबलं, एकदाच.

मी केबिनमध्ये ओरडलो. शब्द असा काही नव्हता, नुसता ओरडलो. हमाल धावत आला, त्याला वाटलं माझा पाय सापडला. मी त्याचा हात धरून सांगत होतो, "पडला! आपोआप पडला! तू बघितलंस ना?" तो म्हणाला, "हाव मालक, पर यवडं खुश कामून व्हायलाव?"

गाडी तशीच शेडमध्ये नेली. चाचांनी दांड्याभोवतीचं रबर काढून आतली दात्यांची पट्टी बाहेर काढली. पहिले दात करवतीसारखे धारदार होते. सहावा झिजलेला, आणि सातवा म्हणजे नुसता उंचवटा राहिलेला. त्या दातात अडकणारा जो तुकडा असतो, त्याला चाचा कुत्ता म्हणतात. त्याचंही तोंड घासून गोल झालं होतं, म्हणून एकदा निसटला की खालच्या धारदार दातांतही तो थांबत नव्हता. "कुत्ता बूढा हो गया," ते म्हणाले. "रिकामी गाडी में पकडता. उपर से झटका बैठा, तो दांत छोड देता." आणि मग, काहीशा आदरानं, "सातपे ओढ ओढ के घिसा है ये. आप के अप्पा हर रोज ओढतेच होंगे."

हर रोज. मला तेवढंच ऐकायचं होतं. ती पट्टी मी कागदात गुंडाळली आणि घरी निघालो. रस्त्यात ताईला फोन करावा असं वाटलं, पण हे आधी अप्पांनाच सांगायचं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

अप्पा पडवीत होते. मी चप्पल न काढताच त्यांच्यासमोर बसलो आणि पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. पोती, धक्का, सातवा दात, खाली पडलेला दांडा, सगळं एका दमात सांगितलं. "तुमचा काही दोष नाही अप्पा. ताईला मी आत्ता सांगतो. नंबर रद्द करायला लावतो." अव्वा दारात येऊन उभी राहिली होती आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

अप्पा पट्टीवरून अंगठा फिरवत होते. सातव्या दातावर अंगठा थांबला. मला वाटलं आता ते चिडतील, म्हणतील, मी सांगत नव्हतो का. त्यांचा तो हक्कच होता, आणि मी शिव्या खायला तयार होऊन बसलो होतो. मग त्यांनी मान वर केली आणि इतक्या हळू विचारलं की मला पुढं वाकावं लागलं.

"मंजी मी वडला व्हता, न्हाई का?"

मला आधी कळलंच नाही. ते सांगत नव्हते, विचारत होते. मला विचारत होते. बुधवारपासून जे ते इतक्या ठामपणे सगळ्यांना सुनावत होते, ते त्यांना आठवत नव्हतं. सात दात हे त्यांना माहीत होतं, रोजचंच होतं ते. पण त्या दिवशी, त्या चढावर, त्या हातानं? आणि मग दुसरी गोष्ट कळली, जी ताईला पहिल्या मिनिटाला कळली असती. झिजलेला दात एवढंच सांगत होता की दांडा ओढला असता तर तो पडू शकला असता. ओढला होता, हे तो सांगत नव्हता.

"हो अप्पा," मी म्हणालो. "ओढला होता. सात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोललो की लहानपणी बघायचे तसं, पण राग नव्हता.

"तू व्हतास का तितं?"

"नव्हतो."

"तू नव्हतास," ते म्हणाले. "आन् मला तर असं वाटायलंय, की मीबी नव्हतो."

अव्वा दारातून आत गेली. आत भांड्यांचा आवाज आला नाही, ती नुसती आत जाऊन उभी राहिली असावी. मला तिथून उठून कुठंतरी जायचं होतं, काहीतरी खोलायचं होतं, काहीतरी ताणायचं, बदलायचं होतं. पण जायला जागा नव्हती आणि खोलायला काही उरलं नव्हतं. मी बसून राहिलो. अप्पांनी पट्टी पुन्हा त्याच कागदात गुंडाळली, घड्या नीट दाबल्या आणि माझ्या हातात दिली.

"ताईला सांग, येतो मनून," ते म्हणाले. "काय काय इच्यारतेत तितं, ते इच्यारून ठिव तिला."

मी मान हलवली. ते उठले, धोतर सावरलं, दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "गाडी तू चालव."

मी हो म्हणालो. कधीतरी त्यांनी असं म्हणावं, याची मी कॉलेजात असल्यापासून वाट बघितली होती. आता त्यांनी ते म्हटलं होतं, आणि मला ते नको होतं.